सर्व्हरांचे खासगी जाळे : एका व्यवस्थेचा इतिहास

इतिहासाचे व्याख्यान म्हटले म्हणजे गड, लढाया, सनदा आणि बखरी यांची अपेक्षा श्रोत्यांनी करावी हे रास्तच आहे. आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगण्यास उभे आहोत, तिला साठ वर्षांपलीकडचे फारसे काही नाही. तिच्यासाठी कोणी रक्त सांडले नाही, तिचा कोठे पुतळा नाही. तरीही आपले बँकेतले खाते, रेल्वेचे आरक्षण, दवाखान्यातला केसपेपर, सात-बाराचा उतारा ही सारी आज ज्या यंत्रांच्या पोटात आहेत, त्या यंत्रांचा संसार या वस्तूवर उभा आहे. ही वस्तू म्हणजे सर्व्हरांनी आपापसांत बोलण्यासाठी बांधलेले खासगी जाळे.

प्रथम हा संसार कसा असतो ते पाहू. एका थंड खोलीत लोखंडी मांडणीवर तीन किंवा पाच सर्व्हर बसवलेले असतात. प्रत्येकाच्या पोटात दहा-वीस 'आभासी यंत्रे' चालू असतात. आभासी यंत्र म्हणजे, आपल्याला स्वतंत्र देह आहे असे समजून चालणारा पण वस्तुतः दुसऱ्याच्या देहात राहणारा संगणक. हे तीन-पाच सर्व्हर एकमेकांशी बांधलेले असतात, हेतू असा की एक बंद पडला तर त्याच्या पोटातली यंत्रे दुसऱ्याने आपल्याकडे घ्यावीत. अशा सर्व्हरांना दोन प्रकारचे बोलणे करावे लागते. एक जगाशी, म्हणजे तुमच्याआमच्याशी. दुसरे आपापसांत. आपापसांतले बोलणे तीन तऱ्हांचे असते : 'मी जिवंत आहे', 'ही माझ्या खतावणीची पाने, तुझ्याकडेही उतरवून ठेव', आणि 'हे एक चालते यंत्र, ते तसेच उचलून घे'. यांपैकी कोणतेही बोलणे रस्त्यावर करण्याजोगे नाही. म्हणून त्यासाठी वेगळी तार, वेगळा स्विच आणि वेगळे क्रमांक ठेवतात.

'खासगी' या आपल्या शब्दाचाही येथे विचार केला पाहिजे. होळकरशाहीत दौलत आणि खासगी असे दोन वेगळे विभाग होते, आणि अहिल्याबाईंचा दानधर्म खासगीतून चाले, हे श्रोत्यांना ठाऊकच आहे. तेथे खासगी म्हणजे चोरून ठेवलेले असा अर्थ नव्हता. ज्याचा हिशेब वेगळा आणि मालकी स्वतःची, ते खासगी. घाटोघाटीची देवळे आणि धर्मशाळा खासगीतून उभ्या राहिल्या, त्या काही झाकून ठेवण्याच्या वस्तू नव्हेत. पुढे हळूहळू या शब्दाला 'गुप्त' अशी छटा चिकटली. यंत्रांच्या जगातही नेमके हेच घडले, आणि तेथे ती छटा फार महाग पडली. आमच्या सांगण्याचा रोख एवढाच आहे.

आता मूळ धरून येऊ.

एका यंत्राच्या देहात अनेक यंत्रे नांदवण्याची कल्पना आयबीएम कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील शास्त्रीय केंद्रात १९६४ च्या सुमारास आकाराला आली. रॉबर्ट क्रीसी आणि लेस कोमो ही त्यातली प्रमुख नावे. त्यांची सीपी-४० ही व्यवस्था १९६७ च्या जानेवारीत कामाला लागली. एका यंत्रात चौदा आभासी यंत्रे नांदू शकत. पुढे सीपी-६७ आली आणि १९७२ च्या ऑगस्टमध्ये व्हीएम/३७० या नावाने ती जाहीर झाली. त्या काळी संगणकात मजकूर जाई तो भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांतून. म्हणून प्रत्येक आभासी यंत्राला एक आभासी कार्डपंच आणि एक आभासी कार्डवाचक दिलेला असे. एका यंत्राने दुसऱ्याला काही कळवायचे झाले, तर ते आपल्या पंचावर कार्डे पाडी, आणि ती दुसऱ्याच्या वाचकात जाऊन पडत. ना पुठ्ठा, ना भोक, ना तार! सारा व्यवहार एकाच लोखंडी पेटीच्या स्मृतीत आणि तबकडीवर चाले. आभासी यंत्रांचा आपसांतला पहिला टपाल-व्यवहार आम्ही यालाच म्हणू. यात पत्त्यांचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण सारी कुळे एकाच छपराखाली होती आणि घरमालक सर्वांना नावाने ओळखत होता.

पत्त्यांचा प्रश्न दुसऱ्या बाजूने आला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेत दोन दूरच्या संगणकांमध्ये पहिला संदेश गेला, ते अर्पानेट. दहा-बारा वर्षांत तशी आणखी जाळी झाली आणि जाळ्यांचे जाळे बांधण्याची भाषा सुरू झाली. त्या भाषेत प्रत्येक यंत्राला बत्तीस अंशांचा क्रमांक द्यायचे १९७७ मध्ये ठरले. ठरवणाऱ्यांपैकी व्हिंट सर्फ यांनी नंतर अनेकदा सांगितले आहे की, तो एका प्रयोगापुरता निर्णय होता आणि प्रयोग काही संपलाच नाही. बत्तीस अंशांत क्रमांक होतात ४२९ कोटी ४९ लक्ष ६७ हजार २९६. त्या वेळी हा आकडा म्हणजे समुद्र वाटला असेल. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट या नव्या पद्धतीवर गेले. त्याच्या वाट्याला जो मोठा गट आला होता त्याचा आरंभीचा अंक होता दहा. हा दहाचा अंक श्रोत्यांनी लक्षात ठेवावा. तो या कथेचा नायक आहे.

या पद्धतीमागे एक तत्त्व होते, आणि ते साधे पण उदात्त होते. जगातल्या प्रत्येक यंत्राला एकमेव क्रमांक असावा आणि कोणत्याही यंत्राला कोणत्याही यंत्राशी सरळ बोलता यावे. जाळ्याला दर्शनी खोली आणि माजघर असा भेद नको. या तत्त्वात खासगी जाळ्याला जागाच नव्हती.

परंतु व्यवहार तत्त्वाची वाट पाहत बसत नाही. १९९० च्या आसपास बँका, विमानतळ, कारखाने, दुकानांच्या साखळ्या आपल्या आतल्या कामाला हीच भाषा वापरू लागल्या. त्यांच्या गल्ल्यावरच्या यंत्रांना जगाशी बोलायचे नव्हते. मग क्रमांक कोठून आणायचा? रीतसर अर्ज करून मिळवणे कटकटीचे. म्हणून कोणी मनाला येईल तो आकडा घातला, तर कोणी माहितीपुस्तकात उदाहरणादाखल छापलेला पत्ता तसाच उचलला. आमच्याकडे शाळेत 'समजा, अ हा एक शेतकरी आहे' या उदाहरणातला अ खराच शेतकरी मानून त्याला सारा लावावा, त्यातलाच प्रकार! तो आकडा दुसऱ्या कोणाच्या मालकीचा असे आणि हे जाळे पुढे जगाशी जोडले गेले की घोटाळा होई. शिवाय मोठे गट संपत चालले होते.

यावर तोडगा म्हणून १९९४ च्या मार्चमध्ये आरएफसी १५९७ हे टिपण निघाले. जाळ्याच्या कारभाराचे दस्तऐवज अशा क्रमांकित टिपणांतून निघतात. लेखक चार : आयबीएमचे याकोव्ह रेख्टर, क्रायस्लर या मोटार कंपनीचे बॉब मॉस्कोविट्झ, आणि युरोपातील पत्त्यांची वाटणी पाहणाऱ्या अ‍ॅमस्टरडॅमच्या संस्थेतील डॅनियल कारेनबर्ग व डे ग्रूट. त्यांचे म्हणणे असे की, तीन गट कोणाच्याच मालकीचे न ठेवता सर्वांना आतल्या वापरासाठी मोकळे करावेत. पहिला गट दहाचा. अर्पानेट १९९० मध्ये बंद झाले होते आणि त्याचे घर रिकामे पडले होते. त्यात १ कोटी ६७ लक्ष ७७ हजार २१६ क्रमांक. दुसरा १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचा, सुमारे साडेदहा लक्षांचा. तिसरा १९२.१६८ चा, ६५ हजार ५३६ चा. विमानतळावरच्या येण्याजाण्याच्या फलकांचे उदाहरण त्यांनी दिले होते : एकेका फलकाला क्रमांक हवा हे खरे, पण परदेशातल्या माणसाने त्या फलकाशी परस्पर बोलण्याचे कारण काय?

गिरगावातल्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. खोली नंबर दहा प्रत्येक चाळीत असते. पोस्टमनला चाळीचे नाव हवे. नुसत्या 'खोली नंबर दहा' या पत्त्यावर पत्र टाकले तर ते जाणार कोठे? दहाचा गट जगातल्या सर्व चाळींच्या खोल्यांसाठी वाटून टाकला, एवढेच त्या टिपणाने केले.

पण ते झोंबले. चारच महिन्यांत, जुलैत, आरएफसी १६२७ हे प्रत्युत्तर आले. एलियट लियर, एरिक फेअर, डेव्ह क्रॉकर आणि टॉम केसलर यांचे. दहाचा गट घातक आहे आणि काही प्रथांना नियमाचा दर्जा देऊ नये, असा सूर त्याच्या शीर्षकातच होता. त्यांचे आक्षेप दोन. एक कार्यपद्धतीचा : एवढा मोठा फेरफार सर्वांशी पुरती चर्चा न करता झालाच कसा? दुसरा तत्त्वाचा : आज तुम्ही म्हणता आमचे यंत्र जगाशी बोलणार नाही. उद्या तुमची कंपनी दुसरीत विलीन होईल, तिनेही हाच दहाचा गट वापरलेला असेल, आणि मग एकाच क्रमांकाची दोन यंत्रे एका घरात येतील. तेव्हा काय कराल?

आम्हांला हा वाद तांत्रिक वादापेक्षा मोठा वाटतो. एका बाजूला सर्वांना सर्वांशी जोडण्याचे स्वप्न, दुसऱ्या बाजूला घराला उंबरठा हवा ही संसाराची गरज. दोन्ही पक्षांत थोर माणसे होती आणि दोन्ही खरे बोलत होते. पुढे फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ हे टिपण निघाले, तेच आजही चालते. त्याच्या लेखकांची नावे वाचताना गंमत वाटते. मूळचे चार आहेतच. पाचवे नाव एलियट लियर. प्रतिवादी वादीच्या शेजारी येऊन बसला, आणि आपल्या आक्षेपांना टिपणात जागा मिळवून बसला. दोन संस्था पुढेमागे एकत्र येण्याचा धोका आहे, म्हणून या गटांतून उपगट निवडताना डोळे मिटून, यदृच्छेने निवडावा, असा आग्रह त्यात स्पष्ट लिहिला गेला. ही शिफारस कोणी पाळली ते शेवटी येईलच.

याच टिपणात सुरक्षिततेच्या मथळ्याखाली एकच ओळ आहे. सुरक्षिततेच्या प्रश्नांचा विचार येथे केलेला नाही, असे सांगून लेखक मोकळे झाले आहेत. यापेक्षा प्रामाणिक कबुली काय असावी! खासगी क्रमांक ही क्रमांकांची व्यवस्था आहे, कुलूप नव्हे, हे जन्मदात्यांनी जन्मपत्रिकेतच लिहून ठेवले होते. जगाने पत्रिका वाचली नाही. त्याचे एक कारण म्हणजे त्याच १९९४ सालच्या मे महिन्यात एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी मांडलेली पत्ता बदलण्याची युक्ती. चाळीच्या दारात एक भय्या बसवायचा. आतल्या कोणत्याही खोलीचे पत्र बाहेर जाताना त्यावरचा खोली नंबर खोडून त्याने चाळीचा पत्ता घालायचा आणि उत्तर आले की कोणाचे ते आठवून त्या खोलीत पोचवायचे. या भय्यामुळे बाहेरच्याला आतल्या खोल्या दिसेनाशा झाल्या, आणि जे दिसत नाही ते सुरक्षित, अशी समजूत रूढ झाली. भय्याचे काम पत्ते बदलणे होते; त्याच्या हाती काठी आहे असे लोकांनी परस्पर धरले.

१९९४ हे साल या विषयात खरोखर भाग्याचे. त्याच वर्षी अमेरिकेच्या नासा संस्थेच्या गॉडर्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे सोळा साधे संगणक एकत्र बांधून एका मोठ्या संगणकाचे काम करून घेतले. त्याला त्यांनी बेवुल्फ हे नाव दिले. त्यांना अडचण आली ती तारेची : गणित करणारी यंत्रे वेगवान आणि त्यांच्यातले बोलणे मंद. म्हणून प्रत्येक यंत्राला दोन-दोन जाळी जोडून त्यांनी त्या दोन तारांची मिळून एक वाट केली. पुढे अशा समूहांत रूढी अशी पडली की, बाहेरचा दरवाजा एकाच यंत्राला, बाकी सारी आतल्या जाळ्यावर. आपल्या पुण्याच्या सी-डॅकने १९९८ मध्ये परम १०००० हा महासंगणक उभा केला तोही असाच अनेक यंत्रांचा समूह, आणि त्यांच्यातले बोलणे झपाट्याने व्हावे म्हणून परमनेट हे आतले जाळे त्या संस्थेने स्वतः घडवले. खासगी जाळ्याचे खरे प्रयोजन येथे उघडे होते. लपवाछपवीचा संबंध नाही. आतली माणसे एकमेकांशी जितकी आणि ज्या वेगाने बोलतात तितके बाहेरच्या रस्त्याला पेलत नाही, म्हणून ते जाळे.

मग आभासी यंत्रे परत आली. आयबीएमच्या मोठ्या पेट्यांत ती नांदत होतीच, पण स्वस्त संगणकांत त्यांना जागा नव्हती. १९९८ मध्ये व्हीएमवेअर कंपनी निघाली, १९९९ मध्ये तिने ही विद्या टेबलावरच्या संगणकात आणली आणि २००१ मध्ये सर्व्हरमध्ये. इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठातून २००३ मध्ये झेन बाहेर आले. २००७ च्या फेब्रुवारीत केव्हीएम थेट लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाले. त्यावर आधारलेले प्रॉक्समॉक्स व्हिएन्नाहून २००८ मध्ये निघाले, आणि आज आपल्याकडच्या लहान संस्थांतही ते आढळते. याबरोबर जाळे पेटीच्या आत शिरले. पूर्वी स्विच म्हणजे भिंतीवरची वस्तू. आता सर्व्हरच्या पोटात आज्ञावलीचा बनवलेला स्विच असतो, आभासी यंत्रांच्या आभासी तारा त्याला जोडलेल्या असतात, आणि त्या स्विचाची एक शेपटी खऱ्या कार्डातून बाहेर पडते. कार्डपंचाची ती जुनी युक्ती तीस वर्षांनी नव्या वेशात आली असे म्हणा.

खरा पेच मात्र २००३ पासूनचा. त्या वर्षी व्हीएमवेअरने चालते आभासी यंत्र न थांबवता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेण्याची सोय दिली. २००५ मध्ये झेनच्या मंडळींनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात तर क्वेक ३ हा नेमबाजीचा खेळ चालवणारे यंत्र, खेळाडू खेळत असतानाच हलवून दाखवले. खंड पडला साठ मिलिसेकंदांचा. पापणी लवण्यास याहून जास्त वेळ लागतो. हे साधते कसे? यंत्राची सारी स्मृती पानापानाने तारेवरून पलीकडे पाठवायची. तेवढ्यात जी पाने बदलली ती पुन्हा पाठवायची. असे करता करता थोडीच उरली की क्षणभर थांबवून तीही द्यायची आणि पलीकडे प्राण फुंकायचा. परकायाप्रवेशाच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या आपल्या लोकांना याचे नवल वाटू नये!

पण त्या पानांत काय काय असते याचा विचार करा. कुलुपांच्या किल्ल्या, परवलीचे शब्द, ग्राहकांची नावे, अर्धवट झालेले व्यवहार. त्या क्षणी यंत्राच्या मनात जे असेल ते सारे. आणि ही पाने तारेवरून उघडी जात. का? तर तार खासगी आहे म्हणून. २००८ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की, या वाटेवर मध्येच बसून स्मृतीची पाने नुसती वाचताच येतात असे नाही, तर जाता जाता बदलता येतात. यंत्र निघाले एक आणि पोचले दुसरे. हा प्रयोग जाहीर होऊनही व्हीएमवेअरच्या व्यवस्थेत ही वाहतूक कुलूपबंद करण्याची सोय यायला २०१६ साल उजाडले.

याहून मोठा धडा त्या आधीच मिळाला होता. ३० ऑक्टोबर २०१३ रोजी 'वॉशिंग्टन पोस्ट'ने एडवर्ड स्नोडेन यांनी बाहेर आणलेल्या कागदांच्या आधारे लिहिले की, अमेरिका आणि ब्रिटन यांची गुप्तहेर खाती गूगल व याहू यांच्या सर्व्हर-केंद्रांना जोडणाऱ्या खासगी तारांवरचा मजकूर उचलत होती. या कंपन्या तुमच्याआमच्यापर्यंत येणारा मजकूर कुलूपबंद करीत होत्या. पण स्वतःच्या एका घरातून दुसऱ्या घरात जाणारा मजकूर उघडा होता. दर्शनी दाराला सात कड्या आणि दोन वाड्यांमधला बोळ मोकळा! गूगलने त्याच वर्षी आपल्या केंद्रांमधली वाहतूक कुलूपबंद करण्याचे काम घाईने पुढे रेटले. जगातल्या अत्यंत हुशार अभियंत्यांच्या घरात हे घडले, म्हणून आम्हांला ते अधिक महत्त्वाचे वाटते. त्यांना ज्ञान कमी नव्हते. त्यांना एका शब्दाने गाफील ठेवले.

येथे कोणी म्हणेल की, तुम्ही खासगी जाळ्याची निंदाच करीत आहात. तसे नाही. ते नसले तर काय होते याची एक हकीकत सांगतो.

आमच्या माहितीतील एका सहकारी पतसंस्थेने तीन सर्व्हरांचा समूह बसवला. काटकसर म्हणून सगळ्यांना एकच स्विच, एकच तार. ग्राहकांची कामे त्याच तारेवर, खतावणीच्या नकला त्याच तारेवर, आणि 'मी जिवंत आहे' हा निरोपही त्याच तारेवर. हा निरोप सर्व्हर एकमेकांना सेकंदाला कित्येकदा देतात, आणि तो काही मिलिसेकंदांत पोचावा अशी अपेक्षा असते. दिवसा निभावले. रात्री दोन वाजता नकला काढण्याचे काम सुरू झाले, तार तुडुंब भरली आणि निरोप खोळंबले. प्रत्येक सर्व्हरला वाटले की बाकीचे दोघे वारले.

अशा वेळी काय करावे याचा नियम आपल्या संस्थांच्या पोटनियमांसारखाच आहे. त्यालाही गणपूर्तीच म्हणतात. तिघांत दोघे एकमेकांस ओळखत असतील तर सभा चालू. एकटा पडलेल्याने कारभार करू नये, इतकेच नव्हे तर स्वतः बंद होऊन पुन्हा सुरू व्हावे. नियम कठोर दिसतो, पण त्याचे कारण सबळ आहे. तुटलेल्या दोन्ही तुकड्यांनी जर आपणच वारस असे ठरवले आणि एकच आभासी यंत्र दोघांनी आपापल्याकडे उठवले, तर एकाच खतावणीवर दोन कारकून दोन टोकांनी लिहू लागतात आणि खतावणी कायमची नासते. त्या रात्री तिघेही एकटे पडले. तिघांनी नियम पाळला. सकाळी काउंटरपुढे पासबुके घेऊन रांग उभी, आणि आत सर्व्हर अजून सावरत होते.

अध्यक्ष वयस्क गृहस्थ. त्यांनी तेथल्या तरुण अभियंत्याला विचारले, "अरे, रात्री चोर आला होता का?"

तो म्हणाला, "नाही अण्णा. बाहेरचं कोणी आलं नाही. आपलेच आपल्याला ओळखेनात."

आठवड्याभरात त्याने दुसरा लहान स्विच आणला, प्रत्येक सर्व्हरमध्ये आणखी दोन कार्डे बसवली. एका जाळ्यावर केवळ जिवंतपणाचे निरोप. दुसऱ्यावर नकला आणि स्थलांतर. जुने जाळे ग्राहकांसाठी. आतल्या जाळ्यांना दहाच्या गटातले क्रमांक दिले, आणि त्यांना बाहेरचा रस्ता मुद्दाम सांगितला नाही. राउटरचा पत्ता बाहेरच्या कार्डालाच. आतल्या कार्डाला दिला, तर उत्तरे भलत्याच दाराने निघतात आणि दोन दिवस डोके खाजवावे लागते. समूहात दोनच सर्व्हर असते तर त्याला तिसरा साक्षीदारही शोधावा लागला असता, कारण दोघांतला एक म्हणजे निम्मा, आणि निम्म्याला बहुमत म्हणत नाहीत.

वेगळ्या तारा ओढण्याऐवजी एकाच तारेवर चिठ्ठ्या लावून अनेक जाळी खेळवण्याची रीत १९९८ मध्ये ८०२.१क्यू या नियमाने पक्की झाली होती. त्या चिठ्ठीत बारा अंश, म्हणजे वापरता येणारी जाळी ४०९४. एका संस्थेला हे उदंड. पण हजारो गिऱ्हाइकांची आभासी यंत्रे भाड्याने ठेवणाऱ्या मोठ्या केंद्रांना ते पुरेना, म्हणून २०१४ मध्ये व्हीएक्सलॅन या नावाने चोवीस अंशांची चिठ्ठी आली. तिच्यात जाळी होतात १ कोटी ६७ लक्ष ७७ हजार २१६. दहाच्या गटात जितके क्रमांक, तितकीच ही जाळी. एकेकाळी यंत्रे मोजण्यास जो आकडा लागे, तो आता नुसती जाळी मोजण्यास लागतो. मात्र चिठ्ठी बारा अंशांची असो वा चोवीस अंशांची, ती कोणाचे पत्र कोणते हे सांगते. पाकीट बंद करीत नाही. ते काम वेगळ्या विद्येचे, आणि ते आतल्या तारेवरही करावेच लागते.

आता १९९४ च्या त्या दुसऱ्या आक्षेपाचे काय झाले ते सांगून संपवतो. क्रमांकांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला, आणि खासगी गट नसते तर तो कितीतरी आधी संपला असता हे उघड आहे. त्या अर्थी रेख्टर आणि मंडळी जिंकली. पण यदृच्छेने क्रमांक निवडा ही लियर यांच्या सहीची शिफारस कोणी पाळली नाही. माणूस आळशी, ज्याने त्याने आरंभीचा, लक्षात राहणारा आकडा घेतला. नव्या, १२८ अंशांच्या पद्धतीसाठी २००५ च्या ऑक्टोबरात आरएफसी ४१९३ निघाले, त्यात ही शिफारस सक्तीची झाली : खासगी गट घेणाऱ्याने चाळीस अंशांचा आकडा यदृच्छेनेच काढायचा. असे आकडे होतात सुमारे एक लक्ष दहा हजार कोटी. दोन संस्थांचा एकच निघण्याचा संभव जवळजवळ नाही. अकरा वर्षांनी आक्षेपकांचे म्हणणे नियमात बसले.

आमची ती पतसंस्था पुढे शेजारच्या तालुक्यातील दुसऱ्या संस्थेत विलीन झाली. दोन्हीकडे आतल्या सर्व्हरांचे क्रमांक होते १०.१०.१०.१, १०.१०.१०.२ आणि १०.१०.१०.३. तीन रविवार खपून त्या मुलाने एका बाजूचे सारे क्रमांक बदलले. नवा गट निवडताना त्याने सोप्या आकड्याचा मोह टाळला, संगणकाकडून दोन आकडे यदृच्छेने काढून घेतले, आणि ते एका कागदावर लिहून, अध्यक्षांची सही घेऊन, ठरावांच्या वहीत चिकटवून ठेवले.